दिवे लागले की पाणी येते : वाशिष्ठीकाठचे चार दिवस

आम्ही कऱ्हाडचे. संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसून कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळताना पाहणे, हा आमच्या गावातल्या माणसाचा जन्मसिद्ध हक्क. तिथेच लहानपणापासून एक वाक्य कानावर पडत आले होते, ते असे की कोयनेचे सगळे पाणी काही आपल्याकडे येत नाही. धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरतो, वीज करतो आणि तिकडच्याच समुद्राला मिळतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, हेही ठाऊक होते. मात्र ते पाणी पुढे कोणत्या गावांवरून जाते, त्याच्या काठी कोण राहते आणि ते समुद्राला नेमके कुठे मिळते, हे आयुष्याची साठ वर्षे उलटून गेली तरी पाहिले नव्हते. गेल्या पौषात सौभाग्यवतींसह आपल्याच गाडीने निघालो आणि त्या पाण्यामागोमाग दाभोळपर्यंत गेलो.

पहिला दिवस : कोयनानगर ते अलोरे

पाटण सोडून कोयनानगरला पोहोचेपर्यंत दहा वाजले. नेहरू उद्यानातून धरण समोर दिसते. १०३ मीटर उंचीची ती भिंत आणि तिच्यामागे १०५ टीएमसीहून थोडे अधिक पाणी धरणारा शिवसागर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या घरात अजून निघतो. आई मला उचलून अंगणात पळाली होती, म्हणे. आज मात्र हवा स्वच्छ होती, थंडी अंगाला बोचत होती आणि उद्यानात एका शाळेची सहल डबे उघडून बसली होती.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून भजी खाल्ली. इथे उभे राहिले की भूगोल पायाखाली येतो. माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस कोयनेतून कृष्णेत जातो आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला, दोनचार पावलांवर पडलेला पाऊस कड्यावरून खाली उडी घेतो आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्र गाठतो. त्या उडीतच सगळी मेख आहे. शिवसागराचे पाणी बोगद्यांतून डोंगराच्या कोकणाकडच्या अंगाला आणले की साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली सोडता येते. १९६२ साली पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली ती याच उताराच्या जोरावर. पुढे टप्पे वाढत गेले. चौथ्या टप्प्यासाठी तर जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी सुरुंग लावून बोगद्याचे तोंड उघडले गेले, १३ मार्च १९९९ ला एकदा आणि २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा एकदा. आज सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

वीजगृहे पाहायला आगाऊ परवानगी लागते. आम्ही ती घेतली नव्हती, त्यामुळे पोफळीला बाहेरूनच नमस्कार केला. ज्यांना आत जायचे असेल त्यांनी महिनाभर आधी अर्ज करावा आणि ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. पोफळीत वापरलेले पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात साठते, तिथून तिसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा एकदा खाली उतरते आणि अलोऱ्याच्या बाजूला उघड्यावर येऊन वाशिष्ठीला मिळते. वीज करून बाहेर पडलेल्या या पाण्याला इकडे ‘अवजल’ म्हणतात. सरकारी कागदांतला हा शब्द चहाच्या टपरीवरही सहज ऐकू आला.

अलोरे ही प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेली जागा. मुक्काम एका घरगुती निवासात होता. चार वाजता मी नदीवर गेलो तेव्हा काठाशी एक चपटा काळा दगड पाण्याबाहेर चांगला हातभर वर होता, त्यावर एक बाई कपडे आपटत होत्या आणि शेजारी निळ्या साबणाची वडी ठेवलेली होती. थोड्या वेळाने त्यांनी घाईघाईने पिळे बादलीत टाकले. मी म्हटले, ‘‘मावशी, एवढी घाई कसली? अजून ऊन आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऊन असू दे हो. मुंबईत दिवे लागले की आमच्याकडे पाणी येतं.’’

सात वाजता विजेरी घेऊन पुन्हा गेलो. दगड दिसत नव्हता. त्याच्या जागी पाण्यावर एक लांबट वळी उठत होती, एवढीच काय ती खूण. कोयनेची वीज मुख्यतः मागणी वाढते त्या वेळांसाठी राखलेली असते. शहरांत सकाळ-संध्याकाळ मागणी चढली की चक्रे फिरतात आणि तासा-दोन तासांत ती मागणी इथे पाण्याच्या रूपाने पोहोचते. नदीला दिवसातून दोनदा पूर यावा आणि ओसरावा, असे हे वेळापत्रक. म्हणूनच पोहण्याची हौस असलेल्यांनी आणि मुले बरोबर असलेल्यांनी या पट्ट्यात पात्रात उतरूच नये. पाणी अचानक वाढते, अशा पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

दुसरा दिवस : चिपळूण

सकाळी धुके इतके दाट होते की नदी कुठे आहे ते केवळ आवाजावरून कळत होते. चिपळूणला पोहोचेपर्यंत ते विरले आणि दहाच्या सुमारास परशुरामच्या चढावर, विसाव्याच्या जागी उभे राहिलो तेव्हा खाली संपूर्ण खोरे उघडले. वाशिष्ठी तिवऱ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते. तेच तिवरे, जिथले छोटे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि झोपेतली माणसे वाहून गेली. उगमापासून समुद्रापर्यंत नदीची लांबी शंभर किलोमीटरही भरत नाही. कड्यावरून उतरल्यावर तिला थोडीच सपाटी मिळते आणि त्या सपाटीवरच चिपळूण वसले आहे. वरून पाहिले की नदी गोवळकोटच्या टेकडीला तीन बाजूंनी वेढा घालताना दिसते, मधे जुवाड बेट दिसते आणि पलीकडे पात्र रुंदावत खाडी होते.

वरून येणाऱ्या अवजलामुळे चिपळूणची नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही मार्च-एप्रिलात बहुतेक नद्यांची डबकी होतात. वाशिष्ठी तेवढी अपवाद. मी हे कौतुकाने बाजारातल्या एका दुकानदारांना सांगितले. काकांनी ऐकून घेतले, मग काउंटरच्या मागची कपाटाची फळी सरकवून भिंतीवरची पेन्सिलची रेघ दाखवली. माझ्या डोक्याहून दीड हात वर. बाजूला त्यांच्याच अक्षरात ‘२२/७/२१’ असे लिहिलेले. तिच्या बरीच खाली दुसरी रेघ होती, २००५ ची.

‘‘रंग दोनदा काढला,’’ काका म्हणाले, ‘‘पण ही फळी सोडून.’’

२२ जुलै २०२१ ला रात्रभर कोसळलेला पाऊस, पौर्णिमेला दोन दिवस उरलेले असल्याने समुद्राला आलेले उधाण आणि गाळाने उथळ झालेले पात्र, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. शहराच्या मधून वाहणारी शिवनदी वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठीच फुगली की शिवनदीचे पाणी उलटे गल्ल्यांत शिरते. वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याचा त्या पुरात किती वाटा होता, यावर चिपळूणकर आणि प्रशासन यांचे एकमत कधीच झाले नाही. पुढे गाळ काढण्यासाठी इथल्या लोकांनी साखळी उपोषण केले, गाळ निघाला, मग नदीकाठच्या बांधकामांवर बंधने आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषांवरून नवा वाद उभा राहिला. काकांचे मत थोडक्यात असे होते : ‘‘पाणी वरनं येतं ते आम्ही बघतो. खालनं येतं ते कळत नाही, आणि बुडवतं तेच.’’ माझ्या कऱ्हाडी डोक्याला नदीचे पाणी खालून येते ही कल्पना पचायला वेळ लागला.

दुपारी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात डोकावलो. १८६४ साली स्थापन झालेल्या या वाचनालयाने दोन्ही पुरांत ग्रंथ गमावले आहेत. वाचनकक्षात पेपर चाळणारी पाचसहा मंडळी होती आणि माझ्यासारख्या पाहुण्याकडे कोणी मान वर करूनही पाहिले नाही, हे मला चांगल्या वाचनालयाचे लक्षण वाटते.

संध्याकाळी गोवळकोटला गेलो. किल्ल्याचे दुसरे नाव गोविंदगड. चढ सोपा आहे, तटावरून फिरता येते आणि पायथ्याशी करंजेश्वरीचे देऊळ आहे. एके काळी देशावरचा माल कुंभार्ली घाटाने बैलांच्या पाठीवरून इथवर यायचा आणि गलबतांतून समुद्राकडे जायचा. म्हणजे आम्ही ज्या वाटेने पाण्याचा माग काढत आलो, त्याच वाटेने आमच्या पणजोबांच्या काळी गूळ आणि धान्य उतरत होते. आता बंदरावर दोन होड्या उलट्या घालून ठेवल्या होत्या आणि एक मुलगा त्यांतल्या एकीवर बसून मोबाइलवर क्रिकेट पाहत होता.

रात्रीच्या जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि तळलेली बोय. खाडीच्या बोयीला एक मातकट गोडवा असतो. काहींना तो आवडत नाही, मला आवडतो.

तिसरा दिवस : मालदोलीची खाडी

मगरी पाहायच्या तर भरती-ओहोटीचे गणित करावे लागते. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास ओहोटी. हे समुद्राच्या मुखाशी. खाडीत जितके आत जावे तितका उशीर होतो. मगरींना हिवाळ्यात सकाळचे ऊन लागते आणि ऊन खायला उघडा पडलेला चिखल लागतो, तेव्हा सकाळी दहा-अकराला ओहोटी पडेल असा दिवस उत्तम. आम्ही असा दिवस बरोबर निवडला होता. एकच गोष्ट लक्षात आली नव्हती, ती म्हणजे वद्य चतुर्थीला संकष्टी असते. खाडीवर जाऊन साबुदाण्याची खिचडी खावी लागल्याबद्दल सौभाग्यवतींनी मला दिवसभर ऐकवले नाही, फक्त मधून मधून डब्याचे झाकण जरा जोरात लावले.

मालदोलीहून नऊ वाजता होडी निघाली. होडीवाले मामा साठीच्या पुढचे आणि त्यांच्याबरोबर नातू. दोन्ही काठांना तिवर, त्यांच्यापुढे चिखलात पाय रोवून उभी कांदळे, मधेच मारांडीची काटेरी झुडपे. एक काळ्या डोक्याचा खंड्या आमच्या पुढे पुढे फांद्या बदलत चालला होता. पहिली मगर मला दिसलीच नाही. मामांनी बोट दाखवले तिथे मला वाळलेल्या चिखलाचा ओंडका दिसत होता. होडी वीसेक हातांवर आल्यावर ओंडक्याला डोळा फुटला.

साधारण नऊ फुटांची असावी. पाठीवरचा चिखल सुकून भेगाळला होता, त्यामुळे खवल्यांच्या रांगा राखाडी पडल्या होत्या. पोटाकडची पिवळसर कातडी मात्र ओली, जणू आत्ताच पाण्यातून निघाली. जबडा उघडा होता. हल्ल्यासाठी नव्हे, तर अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती तोंड असे उघडे ठेवते. आतला रंग फिकट गुलाबी होता आणि एक माशी त्या गुलाबी भागावरून निवांत चालत होती. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ असे म्हणणारा माणूस किती जवळून म्हणत असेल, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात जबडा मिटला. पाण्याचा आवाजसुद्धा न करता ती सरकली आणि चिखलावर फक्त पोटाची गुळगुळीत घसरण उरली.

ही मगर मुळात गोड्या पाण्याची. खाडीत इतक्या मगरी कशा, याचे माझ्यापुरते उत्तर मला अलोऱ्याच्या दगडाशीच मिळाले होते. वरून बारा महिने गोडे पाणी येत राहिले तर खाडीचा वरचा भाग भर उन्हाळ्यातही फार खारट होत नाही. मामांना हे पटले, पण त्यांचा कल वेगळा होता. ‘‘मगरीला बरं, माशाला बरं नाय. काही मासा गोड पाण्याला आत येत नाय.’’ पावसाळ्यात याच मगरी चढत्या पाण्याबरोबर शहरापर्यंत जातात. २०२४ च्या पावसाळ्यात चिंचनाक्याच्या रस्त्यावरून रात्री चाललेली मगर साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिली.

दहाच्या सुमारास इंजिनचा सूर बदलला, होडी एकदा कचकली आणि थांबली. आम्ही गाळाच्या उंचवट्यावर बसलो होतो. नातवाने बांबू रोवून जोर लावला, बांबू कोपरभर आत गेला, होडी हलली नाही. उतरून ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. समोरच्या काठावर दोघीजणी ऊन खात होत्या. मामांनी इंजिन बंद केले, तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘‘बसा. सुकती संपू दे. पाणीच उचलेल.’’ सुकती म्हणजे ओहोटी.

त्या दीड तासात खाडीबद्दल जे कळले ते चालत्या होडीत कळले नसते. मामा भोई समाजाचे. त्यांच्या लहानपणी हातपाटीने वाळू काढणारे बुडी मारून तळाची वाळू पाटीत भरत. नंतर सक्शन पंप आले आणि तळाला खड्डे पडले, तर इतरत्र गाळ साचला. एका ठिकाणी होडी बुडेल इतके पाणी आणि पन्नास हातांवर आमच्यासारखे रुतणे. मासा कमी झाल्याचे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, एकेका बोटाला एक मासा. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वाहिनीतून करंबवण्याजवळ खाडीत सोडले जाते. खाडीत मासे मरून तरंगल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत आणि दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी त्यासाठी मोर्चे काढले, निवेदने दिली, नुकसानभरपाई मागितली. मामा आवाज न चढवता बोलत होते. मला जास्त लागले ते नातवाचे वाक्य. ‘‘मासे मेले की पहिल्यांदा वास नाय येत. पहिल्यांदा घारी येतात. घारी फिरताना दिसल्या की आजोबा पाग टाकत नाय.’’

साडेअकराला पाण्यावरची काटकी उलट दिशेने, म्हणजे डोंगराकडे, वाहू लागली. चिखलावरची एक मगर मागे सरकली. आणखी थोड्या वेळाने होडीच्या बुडाखाली काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले आणि नातवाने बांबू उपसला. करंबवण्याच्या बाजूला जाण्याइतका वेळ उरला नव्हता. जगबुडी खेडकडून येऊन मिळते ती जागा मामांनी दुरूनच दाखवली. आपल्यालाही असे व्हावे असे वाटत नसेल तर छोट्या, कमी खोल जाणाऱ्या होडीचा आग्रह धरावा, टोपी आणि पाणी भरपूर ठेवावे आणि परतीची वेळ कोणाला कबूल करू नये. मगरीच्या जवळ नेण्यासाठी होडीवाल्याला भरीस घालू नये, हे वेगळे सांगायला नको. आमच्या शेजारून गेलेल्या एका होडीतली मंडळी शिट्ट्या मारत होती, म्हणून सांगितले.

रात्री साडेनऊच्या सुमारास चंद्र उगवला. यजमानीण वहिनींनी न सांगता उकडीचे मोदक केले होते आणि सौभाग्यवतींनी मला माफ केले.

चौथा दिवस : दाभोळ आणि अंजनवेल

गुहागरच्या रस्त्याने शृंगारतळीवरून धोपाव्याला आलो. आंब्यांना मोहोर धरला होता आणि खिडकीची काच खाली केली की तो वास गाडीत येत होता. धोपाव्याहून फेरीबोट गाडीसकट पलीकडे दाभोळला नेते; हीच बोट नसती तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस गेला असता. रविवारी आणि सुट्ट्यांत रांग लागते, म्हणून सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरावी.

दाभोळ आज शांत, उतारावर चढत गेलेले गाव आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होती, आणि म्हणूनच डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळले. पाण्याजवळची दगडी मशीद, जिला इकडे अंडा मशीद म्हणतात, त्या वैभवाची उरलेली मोठी खूण. गावाबाहेर चंडिकादेवीचे स्थान गुहेत आहे. आत वाकून, समईच्या उजेडात जावे लागते. बंदरावर टोपल्यांत बोंबील, मांदेली आणि छोटी कोळंबी होती. संकष्टीची भरपाई म्हणून तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी असे भक्कम जेवण झाले.

परत अलीकडे येऊन अंजनवेलला गेलो. गोपाळगडाच्या तटावरून खाडीचे मुख, समोरचे दाभोळ आणि अलीकडच्या वीज प्रकल्पाची धुरांडी एका नजरेत येतात. एन्रॉनचा हा प्रकल्प साऱ्या जगात दाभोळच्या नावाने गाजला, प्रत्यक्षात तो दाभोळच्या समोर, गुहागर तालुक्यात आहे. २००१ मध्ये तो बंद पडला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. एकाच नदीच्या डोक्याला पाण्याची वीज आणि पायथ्याला वायूची. पहिली इतकी वर्षे मुकाट चालू आहे. दुसरीवर महाराष्ट्रात निवडणूकही गाजली.

मुखाशी पाण्याचे दोन रंग दिसत होते, आतले मातकट आणि बाहेरचे हिरवे, मधे फेसाची वाकडी रेघ. मातकट पाण्यात आमच्या कोयनेचा वाटा किती, हे डोळ्यांनी ओळखण्याचा उपाय नव्हता. मी तरीही बराच वेळ पाहत बसलो. वरती तटावर वारा इतका होता की सौभाग्यवतींना दोनदा हाका माराव्या लागल्या.

सकाळचा एक प्रसंग सांगायचा राहिला. फेरीबोट दाभोळला लागत होती तेव्हा दहा वाजले होते आणि पंचमीची ओहोटी पुरती पडली होती. दोर सांभाळणाऱ्या तरुणाला मी उत्साहाने विचारले की इथे जे पाणी आहे त्यातले काही आमच्या कऱ्हाडकडे यायचे होते, हे तुला माहीत आहे का. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बोटीच्या फळीपासून वर चढत गेलेल्या, शेवाळलेल्या धक्क्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘काका, सुकती आहे, चढ उभा लागेल. गाडी पहिल्या गिअरवर घ्या आणि मधे थांबू नका.’’